झोपला होतात का?

रविवारी दुपारी साडेतीनला फोन वाजला. पलीकडून पहिलंच वाक्य, "ताई, झोपला होतात का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "छे छे, जागीच होते." गालावर चटईचे वळ, ओढणीची गुंडाळी मानेखाली, आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. तरी म्हणे जागीच.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, बायबलमधल्या दहा आज्ञांतली चौथी पाळली होती हे लपवायला मी नववी मोडली. विसावा घे असं देवाने सांगितलंय, तो घेतला, आणि घेतला नाही अशी खोटी साक्ष दिली. आता ही साक्ष कुठल्या शेजाऱ्याविरुद्ध नव्हती, एवढीच काय ती पळवाट.

फोन होता बुधवारच्या प्रार्थनासभेचा. बाहेरगावचे वक्ते येणार, ऐंशीएक माणसं धरायची, चहा आणि सोबत काहीतरी. हे सकाळीच ठरायचं होतं. सकाळचा उपदेश मार्था आणि मरीया या बहिणींवर होता; येशू घरी आला तेव्हा एक राबत होती, दुसरी ऐकत बसली, आणि चांगला वाटा मरीयेने निवडला असं तो म्हणाला. पाळकसाहेब बोललेही सुरेख. मार्थेची ती दगदग, मरीयेचं ते शांत बसून ऐकणं. पुरुषांच्या बाजूने माना जरा जास्तच डोलत होत्या. मग आशीर्वादाआधीच्या सूचना: "महिला संघाच्या भगिनींनी उपासनेनंतर थांबावं, बुधवारच्या चहापाण्याचं ठरवायचं आहे." मी मागच्या दाराने सटकले. मरीयेचा चांगला वाटा निवडला, म्हणजे घरी येऊन मटण-भात खाल्ला आणि आडवी झाले.

आमच्या लहानपणी नाशिकला शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या घरात रविवार फार कडक असे. सुई हातात घ्यायची नाही, कात्री नाही, भाजीवाली दारात आली तरी परत पाठवायची. कपड्यांना इस्त्री शनिवारी रात्री. आजोबा उपासनेहून आले की आरामखुर्चीत पाय सोडून बसत, छातीवर पवित्र शास्त्र उपडं. याला घरात 'वाचन' म्हणत. वाचनाच्या वेळी आम्ही पोरांनी कुजबुजायचंसुद्धा नाही.

आजीला मात्र त्याच शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, पहाटे पाचला पाट्यावर वाटण वाटावं लागे, कारण दुपारी कोण जेवायला येईल याचा नेम नसे. ते सुईत मोडत नव्हतं. सगळ्यांची पानं उठली की ती स्वयंपाकघरात पाटावर बसे, पाठ ज्वारीच्या कोठीला, पदर डोळ्यांवर, आणि उजव्या हातात उलथनं तसंच. ते उलथनं ती झोपेतही सोडत नसे. कुणी डोकावलंच तर त्या हाताने उगाच हवेत काहीतरी परतल्यासारखं करी आणि म्हणे, "प्रार्थना करत होते." प्रार्थनेवर कोण काय बोलणार? घोरण्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकलेला असे.

एकदा तर चर्चमधल्या हंगामाच्या सणाच्या लिलावात तिची डुलकी महागात पडली. आदल्या रात्री उशिरापर्यंत तीनचार बायकांनी बसून करंज्या तळल्या होत्या. नारळ, अंडी, द्राक्षांची टोपली असं करत लिलाव एका लाल भोपळ्यापाशी आला आणि आजीची मान पुढे कलली. पुकारणाऱ्याने ती बोली धरली. पुन्हा कलली, पुन्हा धरली. साडेसात रुपयांना भोपळा घरी आला, त्या काळचे साडेसात. आजोबा संतापले. आजी म्हणाली, "देवाला द्यायचेच होते." पुढे आठवडाभर भरीत, घारगे, भाजी, आणि शेवटी कुणीतरी रडेपर्यंत पुन्हा भाजी.

शरणपूर हे नावच बघा. १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी ती वस्ती वसवली ती घरातून बाहेर पडावं लागलेल्यांसाठी आणि अनाथांसाठी. पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ साली मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा जेकब आणि इतर सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत चालत नेला. नऊ महिने. १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा जेकब तिथे होता. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट आम्हांला सेवेचा नमुना म्हणून सांगत. मी विचारलं होतं, "बाई, ते दुपारी झोपत होते का?" बाईंनी मला बाकावर उभं केलं.

खूप वर्षांनी वाचलं, की देह घेऊन निघाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांतले बरेच जण आजारी पडले आणि अख्खा तांडा जवळजवळ महिनाभर एका जागी थांबून होता. बाई तोवर गेल्या होत्या. नाहीतर मी सांगायला गेले असते.

मार्थेचंही तसंच. उपदेश नेहमी लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाशी थांबतो. योहानाच्या बाराव्यात पुन्हा बेथानीत जेवण आहे आणि मार्था पुन्हा वाढतेच आहे. या वेळी तिला कुणी काही बोलत नाही. मधल्या काळात तिचा भाऊ मरून उठला होता, तरी वाढायला तीच. तिने मधे कधी पाठ टेकली का, हे योहानाने लिहिलेलं नाही. मार्काने एक मात्र लिहिलंय: तारवात, वादळात, प्रभू उशीवर डोकं ठेवून झोपला होता. उशीसुद्धा नोंदवली आहे. शिष्यांनी गदागदा हलवून उठवलं. तो उठला, वाऱ्याला धमकावलं, सगळं निवांत झालं. पण "छे छे, जागाच होतो" असं तो म्हणाला नाही.

बुधवारचा चहा मी केला. बरा झाला, आलं जरा जास्त पडलं. आता पुढच्या महिन्यात संघाचं संमेलन आहे, म्हणून काल रविवारी मीच सेक्रेटरीबाईंना फोन लावला. घड्याळ बघितलंच नाही. सातआठ वेळा वाजल्यावर उचलला.

"झोपला होतात का?"

"छे हो, जागीच होते." आवाज विहिरीतून.

मी घाईघाईने साखरेचं विचारलं. "किलोभर पुरे," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.