अर्धी गोळी
"अर्धी क्रोसिन दे रे, मांजरीला ताप आहे."

हर्णै बंदरावरच्या मेडिकलमध्ये माझ्या पुढे उभ्या काकींनी सहज मागितली. मी घाईने हात आडवा घातला. काकी, नको! क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल मांजरीचं यकृत पचवू शकत नाही, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो.

काकी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "जनावरांच्या सरकारी दवाखान्यात थोडक्या पैशात होतं गो बाय, ठाऊक आहे. पण रिक्षाला कुठून घालू? मासेमारीची बंदी उठेपर्यंत घरात पैसा नाही."

१ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर. माणसांची चूल कशीबशी पेटते, आणि मासळीच्या डोक्यांवर जगणारी मांजरंही याच दिवसांत उपाशी. काकी मात्र आपल्या भातातला घास तिला काढून ठेवतात. प्रेम कमी नाहीच, कमी पडतं ते रिक्षाचं भाडं.

शेवटी दुकानदाराच्या फोनवरून डॉक्टरांशी बोलणं झालं, आणि पिशवीत मांजर घालून शेजारचा पोरगा बाईकवरून घेऊन गेला.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा डॉक्टरच बंदरावर आले तर? रेबीजची लसही तिथेच देता येईल. ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचाय, सही करायला कोण कोण येणार?