खा-ना-व-ळि

मला कानडी वाचता येतं, पण बस पळते त्या वेगानं नाही. शाळेत गिरवलेली अक्षरं आहेत ती. पाटी समोर आली की एकेक अक्षर लावायचं, काना-वेलांटी जुळवायची, आणि शब्द लागेपर्यंत बस कोपऱ्यावरून वळलेली असते. बोलायचं म्हटलं तर बाजारापुरतं बोलतो, शिव्या मात्र व्याकरणशुद्ध. आमच्या बेळगावात मराठी घरातल्या बऱ्याच जणांचं असंच आहे. पुण्याच्या मित्राला यातलं काही माहीत नव्हतं. तो सकाळी बसमधून उतरला तोच म्हणाला, "तू आहेस ना बरोबर, मग पाट्यांची काळजी नाही."

गाडी काढली आणि आधी किल्ल्यात गेलो. किल्ल्यातलं जुनं जैन देऊळ, कमल बस्ती, मी शाळेच्या सहलीत पाहिली होती, म्हणजे पाहिली नव्हती. आत काळ्या दगडातले नेमिनाथ आहेत, पण मित्राची मान वरच राहिली. छतातून दगडाचं कमळ खाली लोंबतं, 72 पाकळ्यांचं. पाकळ्या मोजायचा त्यानं दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा चाळिशीच्या आसपास मान अवघडली. रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचिराज नावाच्या मंत्र्यानं 1204 साली ही बस्ती बांधली, असं मी जरा ऐटीत सांगितलं.

"कशावरून?"

"शिलालेख आहेत की."

"कुठायत? वाच बघू."

हळे कन्नड, म्हणजे जुनी कानडी, मला वाचता येणार नव्हती, हे त्याला सांगायची वेळ आली नाही. बेळगावातले ते दोन लेख लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इंग्रजांनी काय काय नेलं याचा राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, त्या क्षणी वाचायचे लेख तिकडं असल्यामुळं माझी अब्रू इकडं वाचली.

तिथून खानापूर पंचवीसेक किलोमीटर, आणि हलशी पुढं आणखी चौदा-पंधरा. वाटेत नंदगड लागतं. इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये इथंच फाशी दिलं. तिथं थोडं थांबलो आणि निघालो. खानापूर सोडलं की हवा बदलते, झाडी दाट होते आणि रस्त्याकडेची माणसं गाडीकडं बघून हात करायला लागतात. हलशी आज लहानसं गाव आहे, पण एके काळी ही कदंब राजांची पलाशिका. बनवासी ही त्यांची मुख्य राजधानी, आणि हलशी दुसरी.

भूवराह नृसिंहाच्या देवळात दोन गाभारे आहेत, तेही समोरासमोर. एका बाजूला भूदेवीला उचलून धरलेला वराह आणि बरोबर समोर नृसिंह. मधल्या मंडपात आपण. मित्र वराहाला हात जोडून उभा राहिला, मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि तो गर्रकन वळला. वळल्यावर वराहाकडं पाठ. परत वळला. शेवटी खेकड्यासारखा आडवा उभा राहून एक डोळा इकडं, एक तिकडं.

"अरे, पाठ कुणाकडं करायची?"

खांबाला टेकून एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, "नवीन मानूस आला की असंच करतंय. थोड्या वेळानं मान दुखती, मग गप बसतंय."

आम्हीही मग गप बसलो. दगड गार होता. या देवळाचाही शिलालेख आहे, मित्रानं तो शोधून काढला आणि माझ्याकडं अपेक्षेनं बघितलं. मी डोळे बारीक केले, बोट फिरवल्यासारखं केलं, एक शब्द लागेना. त्यालाही लागेना. सकाळपासून पहिल्यांदाच आम्ही दोघं बरोबरीचे निरक्षर होतो आणि मला फार बरं वाटलं.

खानापुरात परत येईस्तोवर अडीच वाजले होते. पोटात कावळे. एका दारावर मोठी कानडी पाटी. मित्र म्हणाला, "बघ, काय आहे? जेवायला मिळेल का?" मी सुरू केलं. "खा... ना..." पुढचं अक्षर थोडं पुसलेलं. "व... ळि."

"खानावळि," तो म्हणाला. मग थांबला. "खानावळ?"

खानावळच. कानडी अक्षरात बसलेला आपला शब्द. शेवटाला एक इकार जोडलाय, तेवढाच काय तो या मुलुखाचा कर.

आत ताटं आली. शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, मटकीची उसळ, दही, आणि एण्णगाई. एण्णगाई म्हणजे भरलं वांगंच, पण शेंगदाण्याचा कूट आणि तेल असं सढळ की वांगं त्यात पोहायला शिकतं. वाढणारा पोरगा मित्राला म्हणाला, "रोट्टी कडक देऊ की बिसी?"

"भिशी? इथं पण चालते?"

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. बिसी म्हणजे गरम, हे सांगेपर्यंत मला ठसका लागला होता. मित्रानं तीन बिसी रोट्ट्या खाल्ल्या आणि चौथी कडक घेतली. ती पापडासारखी मोडून दह्याबरोबर. माझं मत विचाराल तर हलशीपेक्षा त्याला ही खानावळच जास्त आवडली, पण तो ते कबूल करणार नाही.

संध्याकाळी कुंदा घेतला, आमच्याकडची दुधाची मिठाई. कुंद्याबद्दल मी लिहीत नाही, बेळगावचा माणूस कुंद्याबद्दल लिहायला लागला की थांबत नाही. मांडे मात्र त्याला करताना दाखवायचे होते. पिठाचा गोळा लाटून झाला की बाई तो दोन्ही हातांवर झेलत, फिरवत मोठा करते, इतका की पलीकडचा दिवा दिसावा. मग पालथ्या कढईवर. वर पिठीसाखर भुरभुरायची आणि गरम आहे तोवर झटपट घड्या घालायच्या. एक क्षण उशीर झाला की मांडा कडक होतो, मग घडी पडत नाही, तुकडे पडतात. मुक्ताबाईनं ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले ही गोष्ट मित्राला ठाऊक होती. मांडा म्हणजे नक्की काय ते मात्र आजवर मनातच खाल्लेलं. "पाठ केवढी असेल रे," तो कढईकडं बघत म्हणाला.

रात्रीच्या पुण्याच्या गाडीला त्याला सोडायला गेलो. कुंद्याचा डबा त्यानं बॅगेत कोंबला. मांड्यांचं खोकं मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी धरून, तान्हं मूल धरावं तसं. खिडकीतून तो स्टँडवरच्या पाटीकडं बघत होता. कानडीत गावाचं नाव.

"ए, ते दुसरं अक्षर. खानावळीतला ळ ना तो?"

मी बघितलं. बे, मग ळ. होता.

"मग आता मला एक अक्षर येतं," तो म्हणाला. तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली, धक्का बसला, आणि त्यानं खोकं घट्ट छातीशी धरलं. ते तसं धरायचं नसतं, हे मी ओरडून सांगितलं, पण गाडी निघाली होती.