निळा झीरोचा दिवा आणि सरांची पेटी

स्नेहसंमेलन, क्रीडादिन, निकालाच्या दिवशीची पोटातली धाकधूक हे सगळं शाळेच्या महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच, म्हणून मी ते सोडते आणि ज्या गाण्याने नववीपासून आजपर्यंत माझा पिच्छा सोडला नाही त्याच्याबद्दल लिहिते. ते गाणं मला आपल्या शाळेत मिळालं आणि कळलं पण शाळेतच, निदान अर्धं तरी.

गाण्याचं नाव बर्डहाउस इन युअर सोल, बँडचं नाव दे माइट बी जायंट्स. अमेरिकेतला ब्रुकलिनचा बँड, जॉन लिनेल आणि जॉन फ्लॅन्सबर्ग हे दोघं जॉन म्हणजेच तेव्हा अख्खा बँड. १९९० साली त्यांचा फ्लड अल्बम आला त्यातलं हे गाणं, ब्रिटनच्या चार्टवर सहाव्या नंबरपर्यंत गेलेलं. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला तिच्या दादाने ती कॅसेट दिली होती, तिला काही कळेना म्हणून तिने मला दिली, मलाही काही कळेना, पण मी परत द्यायलाच तयार नाही!

कारण एकतर चाल अशी की दिवसभर डोक्यातून जात नाही, आणि दुसरं म्हणजे हे गाणं गातंय कोण तर खोलीतल्या बटणाशेजारी प्लगमधे खोचलेला पक्ष्याच्या आकाराचा छोटा निळा नाइट लॅम्प. आपण झीरोचा दिवा म्हणतो तसा. तो झोपणाऱ्याला सांगतो की मी तुझा एकुलता एक मित्र आहे, म्हणजे एकुलता एक नाही, म्हणजे खरं तर मित्रसुद्धा नाही, पण आहे. आता ह्याला लोक विचित्र गाणं, गमतीचं गाणं म्हणतात आणि मला ते अजिबात पटत नाही. नववीतल्या दोन मुलींची मैत्री इतक्या बरोबर शब्दात मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. आम्ही पण एकमेकींच्या एकुलत्या एक नव्हतो, महिनामहिना बोलायचो नाही, आणि तरी होतोच ना.

शब्द आम्ही गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवले, कॅसेट मागे घे, पुढे ने, परत मागे घे असं करत करत. तिथे जेसन आणि आर्गोनॉट्स आले आणि आमची गाडी अडकली. इंग्रजीच्या बाईंना विचारलं तर त्यांनी धडा बाजूला ठेवला आणि अख्खा तास ग्रीक गोष्ट सांगितली, सोनेरी लोकरीसाठी निघालेलं आर्गो जहाज, त्यावरचे वीर, आणि म्हातारपणी त्याच जहाजाचं कुजलेलं लाकूड अंगावर पडून मेलेला जेसन. मग एकदम गाणं उघडलं. त्या दिव्याच्या समोर भिंतीवर एका दीपगृहाचं चित्र आहे, खडकाळ किनाऱ्यावर उभं राहून जहाजं वाचवणारं, तो त्याला आपला पूर्वज मानतो, आदराने बोलतो, आणि म्हणतो की ती नोकरी मला दिली असती तर जेसन आणि सगळे आर्गोनॉट्स बुडवून मी कधीच घरी बसलो असतो. म्हणजे त्याला आपली ताकद नीट माहितीये, एका खोलीपुरता उजेड, बास. आणि तेवढा तो रात्रभर देतो. वर्गात कायम मधल्या नंबरात असणाऱ्या मला हे ऐकून किती बरं वाटलं असेल ते ज्यांचा पहिला नंबर यायचा त्यांना कदाचित कळणार नाही.

आता सरांबद्दल. संगीताचे सर इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांपैकी नव्हते, पण मी मधल्या सुट्टीत वॉकमन घेऊन गेले तर हेडफोन कानाला लावून पेटीवर सूर शोधायला लागले. डावा हात भात्यावर, उजव्या हाताचं मधलं बोट एका काळीवर ठेवलेलं, आणि मान हलायची थांबली. "थांब, ह्यांचा सा सरकला." थोड्या वेळाने परत, "अगं परत सरकला!" कडव्यातून धृपदात जाताना हे गाणं पट्टी बदलतं, ते कानाला खटकत नाही पण पेटीवर बसलं की हात हवेत राहतो. सर त्या दिवशी जेवायचे राहिले. मग मी त्यांना त्याच कॅसेटवरचं पार्टिकल मॅन ऐकवलं, त्यात लिनेलचं अकॉर्डियन आहे, तेव्हा सरांनी पेटीचं झाकण काढून आतल्या पितळी रीड्स दाखवल्या, एकीला बोटाने हळूच छेडलं आणि म्हणाले की अकॉर्डियनमधे पण अशाच रीड्स आणि भाताच असतो, ती गळ्यात अडकवायची पेटीच समज. त्या क्षणापासून मला ते गाणं परकं वाटलंच नाही.

आणि एक गोष्ट मला नंतर कळली ती ह्या स्मरणिकेत आलीच पाहिजे. हे दोघं जॉन शाळेतले दोस्त आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन गावचे, शाळेपासून ओळख, १९८२ पासून बँड. सुरुवातीला त्यांनी डायल-अ-साँग चालू केलं, म्हणजे घरच्या आन्सरिंग मशीनवर स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून ठेवायचं आणि पेपरात नंबर छापायचा, कोणीही फोन लावावा आणि गाणं ऐकावं. पुढे लहान मुलांसाठी अल्बम केले, त्यातल्या एकाला २००९ मधे ग्रॅमी मिळालं. शाळेतली दोस्ती चाळीस वर्षांहून जास्त काळ एका बँडमधे टिकते ह्याचं मला खूप म्हणजे खूप अप्रूप आहे.

माझी मुलगी तान्ही होती तेव्हा रात्री अपरात्री तिला मांडीवर घेऊन मी हेच गुणगुणायचे, आता ती माझे शब्द सुधारते. बाकावरची मैत्रीण दुसऱ्या देशात आहे, वर्षात कधीतरी तिचा मेसेज येतो, त्यात बाकी काही नसतं, फक्त निळ्या पक्ष्याचं चित्र. मी पण तेच पाठवते.

महोत्सवाच्या कार्यक्रमाला सर येणार आहेत असं कळलं म्हणून मी हे गाणं पेटीवर बसवलंय, सा कुठे कुठे सरकतो ते सगळं कागदावर लिहून काढलंय. मधे ट्रम्पेटचा तुकडा आहे आणि ड्रम्स तर हवेतच, तर माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला वाजवता येत असेल त्यांनी प्लीज कार्यालयात नाव द्या, तालमीसाठी मी आदल्या दिवशीच येतेय.