‘कात्री म्हणजे काय?’

"अहो, जरा कात्री द्या," मी म्हटलं. हे माझ्याकडे बघत राहिले. मग शांतपणे विचारलं, "कात्री म्हणजे काय?" मला वाटलं चेष्टा करतायत. ती उचलून हातात दिली, तर त्याच कात्रीने पाकिटाची कड सरळ कापून दिली. वय तेव्हा 57.

त्याआधीचं दीड वर्ष मी यांच्यावर रागावण्यात घालवलं. पाय मुरगळून मी जिन्यात बसले होते, हे मला ओलांडून वर गेले आणि टीव्ही लावला. सख्खा भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा "बरं" म्हणाले आणि रोजच्या वेळेला फिरायला निघाले. दुसऱ्याचं दुःख ऐकलं तरी डोळे भरून येणारा माणूस! एकीकडे गोडाचा हव्यास इतका की परक्या माणसाच्या ताटातलंही उचलायचे.

आधी नैराश्य ठरलं. सहा महिने गोळ्या झाल्या, फरक शून्य. स्मरणशक्तीच्या चाचणीत वार, तारीख, पत्ता सगळं बरोबर आलं, म्हणून डिमेन्शिया नाही असं सांगण्यात आलं. डिमेन्शिया म्हणजे विसरणं, एवढंच मलाही ठाऊक होतं.

पुढच्या न्यूरॉलॉजिस्टनी यांना चित्रं दाखवली. उंटाला "प्राणी" म्हणाले, झेब्र्याला "घोडा". मग यांना बाहेर बसवून डॉक्टरांनी मला विचारलं, घरी कसे वागतात? हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. (तुम्ही जाणार असाल तर असे प्रसंग तारखेसह लिहून न्या. रुग्णासमोर सगळं बोलता येत नाही, आणि त्याला स्वतःला काही बिघडलंय असं बहुधा वाटतच नाही.) एमआरआयमध्ये डाव्या टेम्पोरल लोबचं पुढचं टोक, म्हणजे कानशिलाच्या आतला भाग, आक्रसलेला दिसला. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाकडचा भाग झिजत जाण्याचा आजार. त्यातला सिमँटिक, म्हणजे अर्थाशी संबंधित, प्रकार. यात शब्द नुसता जिभेवर अडत नाही, त्याचा अर्थच पुसला जातो. मेंदू आणि मनोविकारांचे डॉक्टर अर्नोल्ड पिक यांनी असा रुग्ण 1892 मध्येच नोंदवला होता. आजार बहुतेकदा 45 ते 65 या वयात सुरू होतो, म्हणून आधी मनाचाच आजार वाटतो.

समोरच्याचं दुखणं ओळखणं हेही मेंदूचंच काम, आणि तेही यात जातं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी तिथेच रडले. जिन्यातला तो दिवस मी मनात धरून बसले होते.

आजार थांबवणारं औषध नाही. अल्झायमरच्या गोळ्या यात कामाच्या नाहीत, उलट कधी चिडचिड वाढते. आमचं निभावलं ते घरातल्या बदलांनी. बँकेचे व्यवहार मी हातात घेतले, गोड कुलपात ठेवलं, वाद घालणं सोडलं. यांच्या आजाराबद्दल दोन ओळी लिहिलेलं एक कार्ड पर्समध्ये असतं. रांगेत कुणी यांच्यावर चिडलं की ते मुकाट्याने पुढे करते.

स्पीच थेरपिस्टच्या सांगण्यावरून फोटोंची वही केलीय. रोजच्या वस्तू, रोजची माणसं. पहिलं पान माझं. हे खालचं नाव सावकाश वाचतात, मग मान वर करून माझ्याकडे बोट दाखवतात.