१०-१८ की १०-२२? तुम्ही विचारलंत म्हणून...

‘कॅननच्या क्रॉप बॉडीला वाइड झूम हवी आहे. १०-१८ घेऊ, की जुनी १०-२२ मिळतेय ती?’ गडकिल्ले फिरणारे फोटोवाले हे मला सारखं विचारतात, आणि हल्ली जास्तच. (हे आकडे लेन्सच्या फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये; आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद. क्रॉप बॉडी म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा.) लोक मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळले, त्यांच्या जुन्या लेन्सेस विकायला निघाल्या, आणि आरशावाले डीएसएलआर सांभाळून असलेल्यांना त्या परवडायला लागल्या. मधूनच कुणीतरी टोकिना या दुसऱ्या कंपनीच्या ११-१६चं नाव काढतं.

दोन शब्दांत सांगायचं तर बहुतेकांनी १०-१८ घ्यावी. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मॉडेलवर खल करण्यात जेवढा वेळ घालवता, त्याच्या निम्मा तरी हातात आलेला नग तपासण्यात घालवा.

१०-२२ आली २००४ साली. वजन ३८५ ग्रॅम, माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) धातूचा, फिल्टर ७७ मिमीचा. १०-१८ दहा वर्षांनी, २०१४ मध्ये आली. २४० ग्रॅम, फिल्टर ६७ मिमी, माउंट प्लास्टिकचा. प्लास्टिक म्हटलं की लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही, कारण हिच्यात इमेज स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय आहे आणि १०-२२मध्ये ते नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहा म्हणजे त्याची किंमत कळेल. साधारण ३८ मीटर लांब दालन, प्रकाश येतो तो मुख्यतः दर्शनी कमानीतून, आणि ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी. खांब आणि छताच्या त्या प्राचीन लाकडी कमानी काही हलत नाहीत. त्यामुळे श्वास रोखून, हातात धरूनच १/८ सेकंदाला फोटो काढता येतो आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) फार चढवावा लागत नाही.

माणसं किंवा तारे हलतात, तिथे स्टॅबिलायझेशनचा उपयोग नाही. रात्री गडावरून आकाशगंगा टिपायची असेल तर टोकिनाचं एफ/२.८ कामाला येतं (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं). १०-१८च्या एफ/४.५पेक्षा तो जवळजवळ अडीचपट प्रकाश आहे. मात्र टोकिना ५६० ग्रॅमची आहे, सूर्य समोर आला की फ्लेअर (फोटोत उजेडाचे डाग) देते, आणि ११ला सुरू होते. ‘एका मिलिमीटरने काय होतंय’ असं म्हणू नका. ५४ आणि ५५ मिमीमध्ये खरंच काही होत नाही, पण कॅननच्या क्रॉप सेन्सरवर १० मिमीला आडवा कोन सुमारे ९६ अंशांचा असतो आणि ११ला ९१चा. वाड्याच्या चौकात पाठ भिंतीला टेकलेली असताना हे पाच अंश कुठून आणणार?

आता तपासणी. मधला भाग बघून ‘काय शार्प आहे!’ म्हणणं सोडून द्या, मध्यभागी सगळ्याच शार्प असतात. वाइड झूम जोखायची ती कोपऱ्यांत. समोरच्या भिंतीचा फोटो काढण्यात फसगत होते, कारण कॅमेरा भिंतीला जरासा तिरका राहिला तरी एक बाजू मऊ येते आणि बोल लेन्सला लागतो. त्यापेक्षा गच्चीवर जा. लांबचा मोबाइल टॉवर निवडा, १० मिमी ठेवा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) मोठं करून त्यावर फोकस करा आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. मग फोकस रिंगला हात न लावता तोच टॉवर एकेका कोपऱ्यात आणून चार फोटो काढा. ट्रायपॉड, सेल्फ टायमर, आयएसओ १००. आधी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, मग एफ/८.

पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर काळजी नको, तो लेन्सचा स्वभाव. तीन बरे आणि एक पुसट असेल तर आतलं एखादं भिंग जागेवरून सरकलंय. एफ/८लाही तो कोपरा सुधारत नसेल तर परत करा. एफ/११च्या पुढे मात्र जाऊ नका. तिथे डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने सगळंच मऊ होतं आणि चांगल्या-वाईटातला फरक झाकला जातो.

कडेला उभ्या माणसाचं डोकं ताणलेलं दिसतं, म्हणून लेन्स परत करायला निघालेले लोक मला माहीत आहेत. तो दोष नाही. एवढा रुंद कोन सपाट चित्रावर बसवला की कडा ताणल्या जाणारच, लेन्स कितीही महाग असो. कोकणकड्याची निराशाही त्याच जातीची. कडा अख्खा मावतो, पण खुजा दिसतो. पायाजवळ एखादा खडक किंवा सोनकीचा ताटवा घ्या, अगदी वीतभर अंतरावरून, मग ही लेन्स कशासाठी आहे ते दिसतं.

जुनी लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून आत बघा. चार धुळीचे कण फोटोत उतरत नाहीत, सोडून द्या. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती सर्रास सापडते, आणि काढायचा खर्च स्वस्तात मिळालेला सौदा खाऊन टाकतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर घ्यायचा विचार असेल तर १०-१८, १०-२२ दोन्ही विसरा, त्या बॉडीवर बसतच नाहीत. कॅननच्या आर मालिकेतल्या मिररलेसवर अडॅप्टर लावून चालतात.

निकॉनवाल्यांनी २०१७ची १०-२० बघावी, हलकी आणि स्टॅबिलायझेशनवाली. पण डी७०००सारख्या जुन्या बॉडीवर ती चालत नाही, तेव्हा आधी आपला कॅमेरा यादीत आहे का ते पाहा.

विकणारा दुसऱ्या गावचा असेल तर टॉवरचे ते चार फोटो त्यालाच काढायला सांगा आणि रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) मागवा. टाळाटाळ करू लागला तर पुढची जाहिरात बघा. या लेन्सेसना बाजारात तोटा नाही.