"ती घरीच असते, तिचं काय लिहायचं"

मी प्रवासाच्या सर्व्हेचं काम करते. घरोघरी जायचं, टॅबवर फॉर्म भरायचा, घरातलं प्रत्येक माणूस काल कुठे गेलं, कशाने गेलं, किती वेळ लागला. बसचे रूट, फ्लायओव्हर, फूटपाथ यांची गणितं पुढे अशाच आकड्यांवर मांडली जातात, म्हणून पुण्यात वारजे माळवाडीतल्या एका घरात जे झालं ते सांगायलाच हवं.

शनिवार होता त्यामुळे दादा घरी होते. त्यांचं दोन मिनिटांत उरकलं, टू-व्हीलरवर शिवाजीनगरला ऑफिस आणि परत, 2 ट्रिपा (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलं की एक ट्रिप). मिसेसचं विचारलं तर म्हणाले, "ती घरीच असते, तिचं काय लिहायचं, झिरो टाका." मी म्हटलं त्यांनाच विचारते. ताई पोळ्या अर्धवट टाकून बाहेर आल्या आणि त्याही म्हणाल्या, "काल कुठेच नाही गेले हो." तर पलंगावर बसलेल्या आज्जी, म्हणजे त्यांच्या सासूबाई, म्हणाल्या, "अगं, चप्पल किती वेळा घातलीस ते आठव की!"

आणि मग यादी निघाली. सकाळी लेकाला व्हॅनपर्यंत सोडणं कारण व्हॅन गल्लीत वळत नाही, परत घरी. मग आज्जींना रिक्षाने कर्वेनगरला डॉक्टरकडे, तिथून मेडिकल, तिथून गिरणीत दळण, मग घर. दुपारी परत व्हॅन, परत घर. संध्याकाळी लेकाचा क्लास, तो सुटेपर्यंत मंडई, परत क्लास, घर. 12 ट्रिपा! दादा गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "गिरणी तर माझ्या येण्याच्या रस्त्यातच आहे, मेडिकल पण." ताई म्हणाल्या, "तेच तर सांगतेय ना मी कधीपासून." त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं, थकवा होता.

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्व्हेनुसार स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो आणि जे पुरुष करतात त्यांचा 88. ट्रेनिंगमध्ये हे आकडे मी पाठ केले होते, पण ती मिनिटं नुसती ओट्यापाशी जात नाहीत, कितीतरी कामं रस्त्यावर चालत असतात हे मला त्या घरात नीट दिसलं.

बसने का नाही जात विचारलं. ताई म्हणाल्या, आज्जींना पायरी चढवत नाही, आणि मधे दोनदा उतरायचं तर दर वेळी नवीन तिकीट. खरंच आहे, पुण्यात जून 2025 पासून किमान तिकीट 5 चं 10 झालंय, घर ते ऑफिस सरळ जाणाऱ्याला एकच तिकीट पण तुकड्यातुकड्याने फिरणारीला दर तुकड्याला पैसे. पास काढावा तर एवढ्याशा अंतराला परवडत नाही. आणि चालत जावं तर फूटपाथवर गाड्या लावलेल्या, म्हातारं माणूस आणि पोर घेऊन रस्त्यावरूनच चालायचं. ज्यांना ऑफिसपुरताच रस्ता लागतो त्यांना हे कधी कळतच नाही, आणि घरातली कामं वाटली गेली तरच ते कळेल असं मला मनापासून वाटतं. दादांनी आठवडाभर आज्जींना हाताला धरून त्या फूटपाथवरून न्यावं, मग फूटपाथसाठी वॉर्डात तक्रार करायला पहिले तेच जातील.

खरा त्रास पुढेच झाला. फॉर्ममध्ये प्रवासाचं कारण निवडायला नोकरी, शिक्षण, खरेदी आणि इतर एवढेच ऑप्शन. व्हॅनवर सोडणं इतर, डॉक्टर इतर, क्लासला नेणं इतर. स्पेनच्या नगररचनाकार इनेस सांचेझ दे मादारियागा यांनी कित्येक वर्षांपूर्वीच मांडलंय की सांभाळण्यासाठी होणारा प्रवास एकत्र मोजा, तो असा विखुरला की दिसेनासा होतो. संध्याकाळी सुपरवायझरचा फोन, "एका गृहिणीच्या 12 ट्रिपा कशा, चेक करा, आणि छोट्या पायी ट्रिपा काढून टाका." मी काढल्या नाहीत. म्हटलं सर, मी समोर बसून लिहिलंय, हवं तर तुम्ही स्वतः चला त्या घरी. बराच वेळ वाद झाला, शेवटी एंट्री तशीच राहिली.

"ने-आण आणि सांभाळ" असा वेगळा ऑप्शन द्या म्हणून मी ऑफिसला मेल केलाय, उत्तर आलेलं नाही. तोवर प्रत्येक घरी चप्पल किती वेळा घातली ते विचारते आणि शेऱ्याच्या रकान्यात एकेक कारण टाइप करते, वेळ जास्त लागतो, लागू दे.