मांडवातला बेस: फ्लॅटवाउंड तारा, फोम आणि काळी एक

गणपतीचे कार्यक्रम आटोपले, नवरात्राच्या तालमी सुरू व्हायच्या आहेत, तेवढ्यात हंगामाची नोंद लिहून ठेवतो. या खेपेला एक गोष्ट मनाशी पक्की झाली. आपल्या बेळगाव भागातल्या ऑर्केस्ट्रात बेस गिटारवाल्याने अगदी तळाच्या आवाजामागे लागू नये. तिथे आधीच गर्दी असते. ऑक्टोपॅडचा किक, कीबोर्डवाल्याचा डावा हात, ढोलकीचा घुमारा आणि या सगळ्यांना 18 इंची बिनमधून (खालच्या आवाजाच्या मोठ्या स्पीकर पेटीतून) बाहेर फेकणारा साउंडवाला. आपली जागा त्याच्या जरा वर आहे, साधारण 80 ते 250 हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि बोट तारेवर पडल्याचं कळतं ते 700-800 च्या आसपास.

सुट्ट्या ई तारेचा मूळ स्वर 41 हर्ट्झचा. मांडवातल्या टॉपमधून, म्हणजे बिनवरच्या स्पीकरमधून, तो जेमतेम बाहेर पडतो. तरी लोकांना ई ऐकू येतो, कारण त्याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे 82 आणि 123 हर्ट्झचे वरचे अंश कानापर्यंत पोचतात आणि खालचा स्वर कान स्वतःच भरून काढतो. म्हणून यंदाचे सगळे बदल त्या वरच्या अंशांसाठी केले.

गिटार तीच, यामाहा टीआरबीएक्स 174. तारांची थरथर पकडणारी पिकअप दोन: पुढे दोन तुकड्यांचं 'पी' (प्रिसिजन) पिकअप, ब्रिजकडे, म्हणजे तारा धडावर जिथे टेकतात तिकडे, सिंगल कॉइलचं 'जे' (जॅझ) पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन, बॅटरी नाही. तारा मात्र बदलल्या. राउंडवाउंड (वर गोल तार गुंडाळलेल्या) काढून 45 ते 105 चा (जाडी इंचाच्या हजारांशांत) फ्लॅटवाउंड, म्हणजे वर चपटी पट्टी गुंडाळलेला संच चढवला. पावसाळ्यात आपल्याकडे राउंडवाउंड फार लवकर मरतात, कारण वेटोळ्यांच्या फटीत घाम आणि ओल साचते आणि आठ-पंधरा दिवसांत चमक जाते. फ्लॅटवाउंडवर पट्टी गुळगुळीत असते, त्यामुळे कार्यक्रम झाल्यावर सुती फडकं एकदा फिरवलं की काम झालं. बोट सरकवताना किरकिर नाही. भावगीतात तर हा फायदा सोन्यासारखा आहे. गायिका पहिल्या ओळीवर श्वास घेते तेव्हा मागून तारेचा चर्र आवाज आला की मला फार वाईट वाटायचं.

त्याच्या जोडीला फोम. खडेबाजारात गादीवाल्याकडून कापलेला तुकडा आणला, सात सेंटीमीटर लांब, दीड सेंटीमीटर रुंद. ब्रिजच्या लगेच पुढे, तारांच्या खाली सरकवायचा. उंची महत्त्वाची. तारेला नुसता टेकला पाहिजे, वर उचलता कामा नये. उचलला की स्वर चढतो, म्हणून फोम बसवल्यावर पुन्हा ट्यूनर लावायचाच. टेकलेला फोम स्वराची शेपूट कापतो. 'धूंऽऽम'चा 'धुम्' होतो आणि पुढची मात्रा मोकळी राहते. ही काही नवी युक्ती नाही. 1951 साली फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आला तेव्हा ब्रिजवरच्या झाकणाखाली असाच दाब दिलेला असे. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीतला बेसवादक जेम्स जेमरसन इलेक्ट्रिक बेसवर फ्लॅटवाउंड, खाली फोम आणि उजव्या हाताची एकच तर्जनी, एवढ्यावर वाजवत राहिला. त्याचं रेकॉर्डिंग ऐका. स्वर आखूड आहेत, पण प्रत्येक स्वर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते स्वच्छ कळतं. आपल्या घुमणाऱ्या मांडवाला अगदी हेच हवं आहे.

फ्लॅटवाउंडचा ताण जास्त, त्यात पावसाळ्याची हवा. गिटारची मान हलतेच. माझी तपासणी अशी: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), मान जिथे धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर तार दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघायचं. कार्ड तारेला जेमतेम घासून जावं, म्हणजे सुमारे 0.3 मिलिमीटर. कमी-जास्त असेल तर मानेतल्या सळईला ॲलन कीचा एक अष्टमांश फेरा, मग पुन्हा ट्यून करून रात्रभर सोडायचं आणि सकाळी बघायचं. एका बैठकीत दोन-तीन फेरे कुणीही मारू नयेत. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची अडीच मिलिमीटरच्या आत ठेवली आहे. जांबोटीकडे जायचं असेल तर बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या आणि वरून जाड प्लॅस्टिक, हा नेम आहे.

आता गुणगुण. हा विषय मला सगळ्यात जवळचा. आपली वीज 50 हर्ट्झची. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा 'जी' स्वर 49 हर्ट्झचा. म्हणजे मांडवात अर्थिंग धड नसलं की स्पीकरमधून जो 'हूंऽऽ' निघतो तो जवळजवळ जी, किंचित चढा. त्यावर आपण जी धरला की सेकंदाला एक असा हेलकावा स्पष्ट ऐकू येतो. आणि गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गात असेल, म्हणजे सा सी शार्पवर, तर हा 'जी' त्याचा तीव्र मध्यम होतो. शुद्ध मध्यमाचं गाणं चालू आहे आणि मागे वीज तीव्र मध्यम धरून बसली आहे! गायकाला सांगता येत नाही काय खुपतंय, पण तो अस्वस्थ होतो. टिळकवाडीतल्या एका कार्यक्रमात हे पुरतं अनुभवलं. उपाय साधा आहे. 'जे' पिकअपचा व्हॉल्यूम शून्यावर. पी पिकअपच्या दोन तुकड्यांतल्या कॉइल उलट्या जोडलेल्या असतात, त्यामुळे आलेली गुणगुण तिथल्या तिथे कटते. पुढे पॅसिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा आवाज मिक्सरला जोडणारी डबी), त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की उरलेलीही बहुतेक जाते. टिळकवाडीत साउंडवाले दादा मिक्सरवरून ओरडले, "आता बेस ऐकू येऊलाय बघ!" आवाज एका काट्यानेही वाढवला नव्हता.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढू नका आणि कुणाला काढू देऊ नका. ओला मांडव, जनरेटर, वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतलेली लाइन. एका हातात तारा आणि ओठ माइकला, अशा वेळी जीव जाऊ शकतो. मी आता गाणं सुरू होण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून माइकची जाळी आणि तारा यांच्यात व्होल्टेज बघतो. काही दाखवलं तर लाइन बदलेपर्यंत वाजवत नाही. आयोजक घाई करतात, करू देत.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात लावण्या होत्या. ढोलकीवर मामा, मुरलेला हात. तालमीत ते थांबले आणि म्हणाले, "पोरा, तू लांबवूलास तवा माझा घुमारा गप होतोय." त्यांनी डाव्या पुडीवर मनगट दाबून ती मींड काढून दाखवली, खालून वर चढत जाणारी. त्या अर्ध्या मात्रेत बेस असताच कामा नये. मग ठरवलं: केरव्याच्या आठ मात्रांत समेवर सा, पाचव्या मात्रेला पंचम, दोन्ही आखूड, बाकी जागा मामांची. कार्यक्रमात पहिल्याच लावणीला मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली. यंदाच्या हंगामातली ती माझी सगळ्यात मोठी कमाई.

पाच तारांचा बेस घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. आपल्याकडचे पुरुष गायक बहुधा काळी एक, काळी दोन. गायिका काळी चार, काळी पाच. काळी एकचा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, खालचा पंचम ई तारेच्या चौथ्यावर, वरचा डी तारेच्या सहाव्यावर. हात हलवावाच लागत नाही. काळी चारला सा ई तारेच्या चौथ्यावर, पंचम ए तारेच्या सहाव्यावर. पाचव्या तारेने काळी एकचा आणखी खालचा सा मिळेल, पण तो 35 हर्ट्झचा, आणि मांडवात ती जागा किकची. त्यामुळे आमच्या कामाला चार तारा पुरतात. उलट काळ्या पट्ट्यांत एकही सुटी तार सा किंवा पंचम होत नाही, म्हणून न वाजणाऱ्या तारा दोन्ही हातांनी दाबून ठेवायचा रियाज वाढवला आहे. फ्लॅटवाउंडवर तो जास्तच लागतो, त्या तारा खालच्या खाली हळूच थरथरत राहतात.

चिकोडी, निपाणीकडे निम्मी फर्माईश कन्नड. डॉ. राजकुमार यांची गाणी आली की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसंही टाळ्या धरतात. त्या गाण्यांतला बेस चालता आहे, सतत वर-खाली जाणारा, तिथे फोम काढून ठेवतो. कान तयार करायला राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारे टोनी वाझ आणि ए. आर. रहमान यांच्याकडचे कीथ पीटर्स ऐकतो आहे, हेडफोन लावून, फक्त बेसची ओळ धरून.

नवरात्रापर्यंतची कामं: पिकअप तारांपासून तीन मिलिमीटरवर आणायचं, कारण फ्लॅटवाउंडची 'जी' स्वराची तार बाकीच्या तारांपेक्षा पातळ वाजते आहे. आधी त्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा वर घेऊन बघणार. तरी जमलं नाही तर 'जी'पुरती जाड तार शोधणार. कुणी फ्लॅटवाउंडवर 'जी' तार अशी सावरली असेल तर कोणता गेज (जाडी) घातला ते जरूर कळवा.